मागच्या पानावरची चिठ्ठी

साडेअकरा वाजून गेलेत. परिपाठ संपलाय. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर चढलंय आणि पटांगणातली माती चपलेच्या तळव्यातूनही कढत लागतेय. फाटकातून आत शिरलं की डावीकडं सायकली, उजवीकडं कडुलिंब. कडुलिंबाच्या सावलीत पाचवीची मुलं ओळीनं उभी आहेत. एकेकाच्या हातात एकेक पुस्तक. समोर फळा मांडलाय, त्यावर रंगीत खडूनं ‘वाचन प्रेरणा दिन’ असं लिहिलंय. एक सर मोबाइलवर फोटो घेतात. फोटो झाल्यावर पुस्तकं गोळा व्हायला लागतात. ओळीतला शेवटचा मुलगा पुस्तक सोडत नाही. त्याला पान उलटून चित्र बघायचंय. सर थांबतात. त्याचं बघून होईपर्यंत थांबतात.

सत्र परीक्षा संपलीय. दिवाळीची सुट्टी लागायला अजून चार दिवस आहेत. शिक्षक पेपर तपासताहेत, वर्ग सैलावलेत. गोष्ट वाचायला वर्षातले हे दिवस सगळ्यात चांगले. म्हणून मी दरवर्षी याच सुमाराला येतो. अशाच तालुक्याच्या गावातल्या शाळांत, नववीच्या वर्गात बसतो आणि मोठ्यानं वाचतो. आज पिशवीत मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे.

व्हरांड्यात शिरलं की डोळ्यांपुढं क्षणभर अंधारी येते. मग हळूहळू भिंत दिसायला लागते. तक्रारपेटी, तिला छोटंसं पितळी कुलूप. तिच्या वर सखी सावित्री समितीचा फलक, शेजारी मोठ्या आकड्यांत १०९८. मुलांना मदत लागली तर फिरवायचा नंबर. रंग अजून ताजा आहे. त्याच्या पलीकडं, जुन्या रंगात, अर्धवट पुसलेला एक सुविचार.

ग्रंथालय जिन्याखालच्या खोलीत आहे. दारातच आडवं टेबल टाकलंय. रांग व्हरांड्यात लागलीय. सुट्टीसाठी पुस्तक मिळतंय, एकाला एक. तीसेक मुलं-मुली असतील. कुणी पुढच्याच्या पाठीवर वही टेकवून पुस्तकाचं नाव लिहितंय. कुणी वहीनंच वारा घेतंय. जिन्यावरून धाडधाड पावलं उतरतात तेव्हा खोलीच्या छतातून थोडी माती गळते आणि बाई टेबलावरची देवघेव वही हातानं झाकतात.

“दाखल क्रमांक सांग.”

“चारशे बारा.”

“पुढच्या वेळी कव्हर घालून आण. पुढं.”

“बाई, भुताचं आहे का?”

“नाही. पुढं.”

“बाई, तो पिक्चरमधला फास्टर फेणे?”

फास्टर फेणे आहे. भा. रा. भागवतांच्या जुन्या पुस्तकांची एक चवडच कपाटाच्या मधल्या फळीवर आहे. मुलगा वरचं पुस्तक उचलतो, मुखपृष्ठावरच्या हडकुळ्या पोराकडं बघतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा उचलतो. रांग मागून ढकलते. तो पुस्तक छातीशी धरून बाहेर पडतो.

आत डांबरगोळ्यांचा वास आहे. तीन लोखंडी कपाटं, एक लाकडी. लाकडी कपाटाच्या काचेला तडा गेलाय, त्याला चिकटपट्टी. बाई मला आत बोलावतात, खुर्चीवरचे पेपर उचलून जागा करतात. ‘शाळा’च्या दोन प्रती आहेत. एक नवी. दुसरी खाकी कव्हरातली, कडा मऊ झालेली, हातात घेतली की आपोआप मधल्या एका पानावर उघडणारी.

मी मागचं पान उघडतो. तारखांची चिठ्ठी. जांभळ्या शाईचे शिक्के, काही सरळ, काही तिरके. मला पुस्तकाच्या आधी ही चिठ्ठी वाचायची सवय आहे. पहिला शिक्का २००६चा. पुस्तक त्याआधी दोन वर्षं, २००४ साली आलेलं. मग वर्षाला तीन, वर्षाला चार. २०१२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाखाली एक पाच शिक्के, जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. त्या जानेवारीत या कादंबरीवरचा चित्रपट लागला होता. पुढं अंतरं वाढत जातात. २०१७ला एक, २०१८ला एक. २०२० आणि २०२१ कोरी. त्या दोन वर्षांत ही खोलीच बंद होती. मग गेल्या दोन वर्षांत पुन्हा शिक्के. आता चिठ्ठीवर एकाच शिक्क्यापुरती जागा उरलीय.

“उघडतं ते पान बघा,” बाई म्हणतात.

मी बघतो. एका ओळीत एक शब्द निळ्या बॉलपेननं खोडलाय. साधा खोडलेला नाही. पेन इतक्यांदा फिरवलंय की कागद चकाकतोय आणि पाठच्या बाजूला उंचवटा आलाय. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तोच शब्द कुणीतरी पुन्हा लिहून ठेवलाय.

“मी नाही केलं हे. मी आले तेव्हापासून असंच आहे.”

“आणि पेन्सिल?”

“ती पण मी नाही पुसली.”

रांगेतून एक मुलगी डोकावते. बाई तिला हातानंच थांब म्हणतात. मग आवाज उतरवून सांगतात, की मागच्या वर्षी एक पालक आले होते. पुस्तक या टेबलावर ठेवलं. म्हणाले, बाई, हे तुम्ही नववीतल्या मुलीच्या हातात देता? मी विचारलं, तुम्ही वाचलंत का? म्हणाले, वाचलं म्हणूनच आलो.

“मग?”

“मग कपाटात ठेवलं महिनाभर. कुलपात.”

“आणि काढलं का?”

“मुली विचारायच्या. येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. तोंडानं नाव घ्यायच्या नाहीत, म्हणायच्या, बाई, ते आहे का?” बाई शिक्क्याच्या पेटीचं झाकण लावतात. “तुम्ही आज वर्गात वाचणार म्हणून मी पण येऊन बसणार होते. पण रांग बघताय ना.”

नववी ‘ब’ वरच्या मजल्यावर आहे, थेट पत्र्याखाली. पट बावन्न, हजर शेहेचाळीस. दोन पंखे, त्यातला एक फिरतो. मी आत जातो तेव्हा सगळा वर्ग उठून एकसुरात नमस्ते म्हणतो आणि बसताना बाकांचा खडखडाट होतो. मुली खिडकीकडं, मुलं दाराकडं. मधली पायवाट रुंद आहे. मी खुर्ची त्या पायवाटेत ओढून घेतो.

बाहेर सायकलवाल्याची घंटी. खालच्या वर्गातून पाढे. मी वाचायला लागतो.

चार मुलं. नववीतली. बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत जाऊन बसतात, तिथून रस्ता दिसतो, रस्त्यानं मुली जातात. मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या. आडनावानं नाहीतर टोपणनावानं हाका. जोशीला शिरोडकर आवडते. ती त्याची ‘लाईन’. सांगायची हिंमत नाही. मागं कुठंतरी आणीबाणी चालू आहे, घरात मोठी माणसं तिच्याबद्दल बोलतात.

‘लाईन’ या शब्दाला दाराकडच्या बाजूला हसू फुटतं. शेवटच्या बाकावर एक कोपर दुसऱ्या बरगडीत जातं.

“आता काय म्हणता तुम्ही?” मी विचारतो.

कुणीच बोलत नाही. मग पुढून एक मुलगा, खाली बघत: “क्रश.”

“सगळे?”

“सगळे.”

म्हणजे शब्द बदललाय. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो. शेजारी ‘आणीबाणी’ लिहितो. खिडकीकडून हात वर होतो. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, चष्मा. “सर, इतिहासात आहे. २५ जून १९७५.”

“कधीपर्यंत?”

“मार्च १९७७.”

“एकवीस महिने. त्यात काय झालं?”

“विरोधकांना तुरुंगात टाकलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर.” ती पाठ केलेलं बोलतेय, पण बरोबर बोलतेय.

“म्हणजे लॉकडाऊनसारखं का सर?” दाराकडून प्रश्न येतो.

ही मुलं लॉकडाऊन लागला तेव्हा तिसरी-चौथीत होती. घराचं दार बंद असणं त्यांना माहीत आहे. मी सांगतो, बाहेर पडायला बंदी नव्हती, बोलायला होती. घरातही माणसं आवाज उतरवून बोलायची. मुलगा विचार करतो. “म्हणजे म्यूट,” तो म्हणतो. मला हा शब्द पुसावासा वाटत नाही. फळ्यावर तोही लिहितो.

वाचन पुढं सरकतं. जोशी वाट बघतोय. ती येईल म्हणून. दिसेल म्हणून. एकदा मान वर करून बघेल म्हणून. पानामागून पान तो नुसता वाट बघतोय. जुनी पुस्तकं आता चालणार नाहीत असं म्हणणारी माणसं मला शिक्षकांत भेटतात, पालकांत भेटतात, प्रकाशनाच्या कार्यक्रमांत भेटतात. त्यांचं पहिलं म्हणणं हेच असतं. एक फोन असता तर या गोष्टीत काय उरलं असतं?

वर्गातही ते येतंच. “सर, इन्स्टावर शोधायचं ना तिला सरळ.”

हशा. पण दोन बाक मागं एक मुलगा हसत नाही. ओठांवर कोवळी लव, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. तो मला नाही, शेजारच्याला सांगतो, पण सगळ्यांना ऐकू जातं: “शोधली, रिक्वेस्ट टाकली. तिनं बघितली आणि तशीच ठेवली, तर?”

“तर काय, वाट बघायची,” शेजारचा म्हणतो.

पुन्हा हशा, पण आता बारीक. तुटक्या बटणाचा मुलगा बाकावर नखानं रेघ ओढत राहतो. मी पान उलटतो.

मारण्याच्या जागी वर्ग वेगळा होतो. छडीचं वर्णन आलं की मुलं पुढं झुकतात. “सर, तक्रार का नाही केली?” एक मुलगी विचारते. तिला माहीत आहे, शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात ते कलमच आहे. खाली व्हरांड्यात पेटी आहे, नंबर आहे. पन्नास वर्षांपूर्वी पेटी नव्हती, हे तिला पटत नाही. “मग घरी सांगायचं,” ती म्हणते. “घरी सांगितलं तर घरी पण बसायचे,” दाराकडून कुणीतरी म्हणतं. हे पुस्तकात बघून म्हटलेलं नाही. कुणी म्हटलं हे मी वळून बघत नाही.

वीज जाते. फिरणारा पंखा तीन-चार गिरक्या घेऊन थांबतो. आता पत्र्याचा आवाज ऐकू येतो, तापून ताणल्यासारखा, मधूनच ‘टक्’ करणारा. वह्या हलायला लागतात. मी बाटलीतून दोन घोट पितो आणि पुन्हा त्या इमारतीत जातो. चौघं जण वर बसलेत. रस्ता खाली. मुली येताहेत.

चष्मेवाल्या मुलीचा हात वर होतो.

“सर, त्या मुलींना माहीत असतं का? हे वरून बघताहेत ते?”

“तुला काय वाटतं?”

“असणारच.”

“मग त्या रस्ता का नाही बदलत?” हे पुढच्या बाकावरचा मुलगा विचारतो. अगदी साधेपणानं विचारतो. त्यात खोडी नाही.

“दुसरा रस्ता नसेल,” दुसरी एक मुलगी म्हणते.

आणि मग खिडकीतल्या शेवटच्या बाकावरून, जिचा आवाज मी तासभर ऐकलेला नाही अशी एक उंच मुलगी बसल्या जागेवरून बोलते. “आम्ही बदलतो. स्टँडच्या मागून जातो. दहा मिनिटं जास्त लागतात.”

वर्ग गप्प होतो. खालचे पाढे थांबलेत. दाराकडच्या बाजूला कुणी कुणाकडं बघत नाही. शेवटच्या बाकावरचं कोपर आता टेबलावर आहे.

बऱ्याच वेळानं तुटक्या बटणाचा मुलगा म्हणतो, “पण सर, जोशी तसा नाहीये.”

“तसा म्हणजे?”

“म्हणजे... त्याला ती खरंच आवडते. तो वाईट नाहीये.”

“वाईट नाहीये,” उंच मुलगी म्हणते. ती त्याच्याशी बोलत नाही, माझ्याशी बोलते, पण उत्तर त्यालाच आहे. “पण तिला काय वाटतं ते कुठंय? आत्तापर्यंत वाचलं त्यात?”

मी हातातल्या पुस्तकाकडं बघतो. तिनं विचारलेलं पुस्तकात खरोखरच शोधायला लागतं. गोष्ट जोशी सांगतो. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांतून. ती हसली तर त्याला ती हसलेली दिसते. तिच्या मनातलं त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. मी हे पुस्तक आलं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. एका रात्रीत. जोशीच्या छातीतली धडधड माझ्या छातीत घेऊन वाचलं, आणि सकाळी ते दोन मित्रांना दिलं. हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दोन मित्रांनाही पडला नव्हता. वीस वर्षांत कितीतरी वर्गांत मी हे वाचलंय, आणि हा प्रश्न मला मुलींनी शिकवलाय, दरवेळी नव्यानं. पूर्वी त्या तो तास संपल्यावर, जिन्यात गाठून विचारायच्या. आता वर्गात विचारतात.

मला वाटतं पुस्तक कपाटात जाऊ नये ते यासाठी. शिवी आहे म्हणून, किंवा फोन नाही म्हणून, मला त्याची काळजी वाटत नाही. मुलं शिव्या पुस्तकातून शिकत नाहीत. काळजी वाटते ती एवढीच, की एकट्या मुलानं हे वाचलं तर तो इमारतीत वर बसून वाचेल. खालून चालणारं कुणीतरी त्याच खोलीत असायला हवं, आणि त्याला बोलता यायला हवं.

मी पिशवीतून अर्धे कागद काढतो. पाठकोरे. “शिरोडकर घरी गेलीय. संध्याकाळ आहे. तिनं वही उघडलीय. तिनं काय लिहिलं ते तुम्ही लिहा. मुलांनीही.”

“मुलांनी पण, सर?”

“मुलांनी पण. नाव घालायचं नाही.”

पेनं निघतात. वीज अजून आलेली नाही. कपाळावरून घाम ओघळून एका कागदावर पडतो आणि शाई फुटते, मुलगा शर्टाच्या बाहीनं टिपतो. वीस मिनिटं वर्गात कागदावरच्या पेनांचा आवाज आहे, आणि पत्र्याचा. कुणी ढापत नाही. दोन मुलं सुरुवात करतात, खोडतात, पुन्हा सुरुवात करतात. एक जण तसाच बसून राहतो, खिडकीबाहेर बघत, आणि अगदी शेवटी एकच ओळ लिहून कागदाची चार घड्यांची पुडी करतो.

घंटा होते. कागद माझ्या हातात येतात. काही ओलसर आहेत.

मधल्या सुट्टीत पटांगणाला खिचडीचा वास. मोठ्या पातेल्याभोवती पाचवी ते आठवीची रांग, हातात स्टीलच्या ताटल्या, त्यांचा किणकिणाट. पोषण आहार आठवीपर्यंत. नववीची मुलं आपापले डबे घेऊन लांब कडुलिंबाखाली बसलीत. काही जणांकडं डबा नाही. त्यातला एक जण सातवीतल्या भावाच्या ताटलीतले दोन घास घेतो, वाढणाऱ्या मावशी बघतात आणि भावाच्या ताटलीत आणखी एक डाव टाकतात.

मागच्या बाजूला नव्या वर्गखोल्यांचं काम थांबलंय. खांब उभे आहेत, वर गंजलेल्या सळया. जिन्याला कठडा नाही. तिसऱ्या पायरीवर चौघं जण बसलेत. नववी ‘ब’चीच मुलं. समोर नळ. नळावर मुली बाटल्या भरताहेत. मी कोपऱ्यावरून वळतो आणि चौघंही एकदम उभे राहतात, पँट झटकतात. त्यांना आठवलंय. मलाही. कुणीच काही बोलत नाही. मग त्यातला एक, तोच तुटक्या बटणाचा, दोन पायऱ्या उतरून येतो.

“सर, शेवटी काय होतं?”

“वाचा की.”

“दोनच प्रती आहेत म्हणे.”

“रांग लावा.”

“ती जाते का, सर?”

मी सांगत नाही. तो हसतो, मान डोलवतो आणि ग्रंथालयाच्या दिशेनं निघतो. मग उरलेले तिघं.

शिक्षकांच्या खोलीत चहा येतो. टेबलावर पेपरांचे गठ्ठे, लाल पेनं. विषय निघतोच. एक सर म्हणतात, नवं काहीतरी द्या, आजच्या मुलांबद्दलचं. दुसऱ्या बाई म्हणतात, ‘श्यामची आई’ द्या की, त्यात सगळं आलं. मला ‘श्यामची आई’ प्रिय आहे. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, पुस्तक १९३५ साली आलं. तिला आता नव्वद वर्षं होतील किंवा झाली, आणि पाचवी-सहावीच्या वर्गात ती वाचताना अजूनही वर्ग स्तब्ध होतो. पण तिथं आई आहे. नववीतल्या मुलाला जे आईला सांगता येत नाही, त्याचं काय करायचं, हे विचारायला ती जागा नाही. ‘शाळा’त त्यासाठी नरूमामा आहे, भाच्याशी बरोबरीनं बोलणारा. दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर, असा मामा खरंच असतो का. यंदा अजून कुणी विचारलेलं नाही. तास संपला म्हणून.

नवं द्या, हे म्हणणं मला पटतं. मी शोधत असतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, त्यांच्या वयाशी खरं बोलणारी मराठी कादंबरी हुडकायला गेलं की हात पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार पुस्तकांवर येतो. मी हे बोलून दाखवतो. सर मान हलवतात. लाल पेन उचलतात. “माझ्या मुलीला वाचायला देऊ का?” मान खाली घालूनच विचारतात. “आठवीत आहे.”

“तुम्ही आधी वाचा. मग दोघं बोला.”

ते गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढतात. चहाच्या कपावर साय धरलीय.

खिडकीशी बसून मी कागद उलगडतो. शेहेचाळीस. नावं नाहीत, पण अक्षरं बोलतात. काहींनी सरळ प्रेमपत्र लिहिलंय, सिनेमातलं. एकीची शिरोडकर लिहिते, की तो बरा आहे, पण तो बघायला लागला की माझ्या मैत्रिणी हसतात आणि मग मला वर्गात उत्तर येत असूनही हात वर करता येत नाही. एकीच्या वहीत फक्त उद्याच्या गणिताची काळजी आहे आणि शेवटी, जाताजाता, आज तो दिसला नाही. एकानं, अक्षरावरून मुलानं, लिहिलंय की मला माहीत आहे तो चांगला आहे, पण हे त्यानं मला येऊन सांगावं, वरून बघू नये. आणि चार घड्यांच्या पुडीत एकच ओळ: मला कुणी विचारलं नाही. ती कुणी लिहिली ते मला कळलेलं नाही. अक्षर वळणदार नाही, घाईचं नाही. नुसतं दाबून लिहिलेलं आहे.

साडेतीनला मी खाली येतो. ग्रंथालयाची रांग विरलीय. टेबलासमोर पाच जण उरलेत, पाचही नववी ‘ब’. नवी प्रत गेली. खाकी कव्हरातली एक टेबलावर आहे आणि पाचही जणांचे डोळे तिच्यावर. बाई देवघेव वहीच्या मागच्या पानावर नावांची यादी करताहेत.

“सुट्टीत एकानं किती दिवस ठेवायचं?”

“चार,” एक मुलगा म्हणतो.

“तीनशे पानं आहेत रे.”

“बाई, तीन दिवसांत होतं.”

“मग एकमेकांच्या घरी नेऊन द्यायचं. हरवलं तर?”

“नाही हरवत.”

यादीत पहिलं नाव उंच मुलीचं. दुसरं तुटक्या बटणाचं. बाई पुस्तकाचं मागचं पान उघडतात. शेवटच्या रिकाम्या जागेत शिक्का मारतात, नोव्हेंबरची तारीख. चिठ्ठी भरली. खणातून नवी कोरी चिठ्ठी काढतात, डिंकाच्या बाटलीत काडी फिरवतात. डिंक उन्हानं घट्ट झालाय, काडीला तार सुटते. जुनी चिठ्ठी त्या काढत नाहीत. तिच्या खाली, नीट कडेला कड लावून, नवी चिकटवतात आणि तळव्यानं दाबून धरतात.

“लगेच मिटू नकोस. वाळू दे.”

पाचची घंटा. फाटकाशी सायकली, रिक्षा, धूळ. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळं आसपासच्या गावांतल्या मुली बहुतेक सगळ्या स्टँडकडंच निघतात. सरळ रस्ता बाजारातून जातो. पानटपरी, मोबाइलचं दुकान, त्याच्या कट्ट्यावर बसलेली मोटारसायकलवाली पोरं.

मी सरळ न जाता डावीकडं वळतो. दहा मिनिटं जास्त लागतात म्हणाली होती. आधी लाकडाची वखार. मग उघडं गटार, त्यावर टाकलेली एक फरशी, पाय पडला की हलणारी. एक कुत्रं उठतं, बघतं, पुन्हा झोपतं. भिंतीच्या कडेनं काटेरी बाभूळ. इथं सावली नाही, उन्हं कलती असली तरी सरळ डोळ्यांत येतात. स्टँडची मागची भिंत दिसायला लागते, तिला पडलेलं खिंडार, त्यातून आत जायची वाट. मी घड्याळ बघतो. तेरा मिनिटं झालीत.

मागून पावलं. चौघी जणी आहेत. फरशीवरून एकामागून एक, सवयीनं, कडेला पाय ठेवत. सगळ्यांत पुढं उंच मुलगी. दप्तर पाठीवर, आणि दोन्ही हातांत पुस्तक, मागचं पान वर करून उघडं धरलेलं. डिंक अजून वाळलेला नाही.